स्वयंपाकघराचा रंग कोणी ठरवायचा?

चाळीतल्या एका खोलीत ज्यांची हयात गेली, त्यांच्या घरात वेगळे स्वयंपाकघर ही आता आता आलेली गोष्ट आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी, तिला लागून ओटा, ओट्याखाली पाण्याचे पिंप, वर फळीवर डबे आणि भिंतीला मांडणी. एवढ्यात सारा संसार सामावलेला. चिंच लावून घासलेली पितळेची भांडी त्या मांडणीवर ओळीने लावलेली असत आणि आल्यागेल्याची नजर आधी तिकडे जाई.

हे चित्र आता बदलते आहे. मुंबईत वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. इतर ठिकाणीही कोणी पुनर्विकासात घर मिळवले, कोणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून उपनगरात लहानसा फ्लॅट घेतला, कोणी गावाकडचे घर वाढवले. घर हाती आले, की पाठोपाठ स्वयंपाकघराच्या कपाटांचा प्रश्न येतो. ‘मॉड्युलर किचन’वाला रंगांचे जाडजूड पुस्तक घेऊन दारात उभा राहतो, घरातले सारे भोवती जमतात आणि अर्ध्या तासात निर्णय होतो. पैसे मात्र दोन-तीन वर्षे हप्त्याने फेडावे लागतात. म्हणूनच या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हांला वाटते.

कामगारांच्या घरातले एक स्वयंपाकघर

ओट्याला जोडलेली कपाटे ही श्रीमंतांची हौस आहे, असा पुष्कळांचा समज असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याचा एक महत्त्वाचा उगम कामगारांच्या वसाहतीत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने एर्न्स्ट माय या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली सामान्य लोकांसाठी घरे बांधायला घेतली. त्या घरांचे स्वयंपाकघर १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्री वास्तुशिल्पज्ञाने आखले. रुंदी सुमारे १.९ मीटर आणि लांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. परंतु त्यात ओटा, शेगडी, भांडी घासण्याची जागा, कपाटे आणि डाळ-साखरेचे खण अशा क्रमाने बसवले होते की बाईला उगाच येरझाऱ्या घालाव्या लागू नयेत. कोणत्या कामाला किती पावले लागतात, किती वेळ जातो, याचा अभ्यास तिने केला होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली.

हे काम करण्याआधी आपण स्वतः कधी घर चालवले नव्हते, असे या बाईने पुढे मोकळेपणाने सांगितले. म्हणूनच तिने घर चालवणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवाला आणि मोजमापाला महत्त्व दिले. नाझी राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ मध्ये तिला अटक झाली आणि १९४५ पर्यंत ती तुरुंगात होती. अशा बाईच्या हातून हे काम झाले, हे आपल्या भगिनींना ठाऊक असावे.

तिने कपाटांना रंग दिला तो बहुतांशी निळसर-हिरवा. माशा अशा रंगावर बसत नाहीत, असा त्या वेळी समज होता. आज आपण माशांसाठी रंगावर विसंबणार नाही, खिडकीला जाळी लावू. परंतु रंग निवडताना तिने आधी कामाचा विचार केला, शोभेचा नंतर, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आणखीही एक तुलना मनात येते. मुंबईच्या बी.डी.डी. चाळी त्याच दशकातल्या. तिकडे कामगाराच्या बायकोचे श्रम वाचावेत म्हणून पावले मोजली जात होती आणि इकडे एका खोलीत अख्खे कुटुंब कोंबले जात होते. आपल्या आया-आज्यांनी त्या खोलीत धुरात आणि रॉकेलच्या वासात आयुष्य काढले. आता जागा मिळाली आहे, तर ती विचाराने वापरू या.

आधी उंची, मग आकार

रंग पुढे बदलता येतो, ओट्याची उंची सहसा बदलता येत नाही. म्हणून आधी ती पाहावी. जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहून काम करते, तिने कोपरात हात वाकवून उभे राहावे. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा. पाच फूट ते पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला बहुधा ३२ ते ३४ इंचांचा ओटा सोयीचा पडतो. दुकानातले तयार माप उंच माणसाचे असेल, तर खांदे भरून येतात. फार खाली असेल, तर कंबर जाते. कपाटांच्या तळाशी चार इंच उंच आणि तीन इंच आत अशी पावलांपुरती खोबण ठेवावी, म्हणजे ओट्याला अगदी जवळून उभे राहता येते.

वरची कपाटे १२ इंचांपेक्षा फार खोल नसावीत, नाहीतर मागचे डबे हाताला येत नाहीत. त्यांचा तळ ओट्यापासून २० ते २४ इंचांवर ठेवावा. शेगडीच्या थेट डोक्यावर लाकडी कपाट घेऊ नये.

दरवाजे कसे असावेत? दुकानात नक्षीचे, खाचा पाडलेले दरवाजे फार खुलून दिसतात. परंतु आपल्या घरात फोडणी रोज होते, सुके बोंबील आणि सुकटही भाजले जातात. त्या तेलकट वाफेचा थर प्रत्येक खाचेत बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. सपाट दरवाजा एका ओल्या फडक्याने पुसून होतो. नक्षीच्या दरवाजाला जुना दातांचा ब्रश घेऊन बसावे लागते. हा ब्रश कोणाच्या हातात येणार आहे, याचा विचार पसंती देण्याआधी करावा.

खाली पातेली-कढया ठेवायला खोल दरवाजांच्या कपाटापेक्षा बाहेर ओढता येणारे खण बरे, कारण त्यासाठी जमिनीवर बसावे लागत नाही. मात्र सगळीकडे महागडे खण नकोत. शेगडीखाली दोन-तीन पुरतात, बाकी साधे कप्पे चालतात. ट्रॉल्या घेताना स्टील ३०४ प्रतीचे आहे का, हे बिलावर लिहून मागावे. चुंबक चिकटले नाही म्हणजे उत्तम स्टील, असे दुकानदार दाखवतात. परंतु हलक्या २०२ प्रतीच्या स्टीललाही सहसा चुंबक चिकटत नाही.

रंगाचा विचार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक खिडकी आणि सात-आठ फुटांचा ओटा, असे आपले स्वयंपाकघर असते. इथे वर-खाली सगळीकडे गडद रंग लावला, तर दिवसाही दिवा लागतो आणि जागा लहान वाटते. वरची कपाटे फिकी आणि खालची थोडी गडद, ही जोडी लहान जागेत चांगली वाटते. खालच्या भागाला पाय लागतात, पाणी उडते, मुले हात पुसतात. तिथे मध्यम गडद रंग निभावून नेतो.

पांढरा रंग स्वच्छ दिसतो, परंतु हळदीचा डाग त्याच्यावर लगेच उठून दिसतो. काळा, तपकिरी किंवा गर्द लाल चकचकीत सनमायका दुकानातल्या दिव्यांखाली झळाळतो. घरी आला, की बोटांचे ठसे, धूळ आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्याच्यावर जास्तीत जास्त दिसतात. याउलट फिका राखी, बदामी, फिका हिरवा किंवा लाकडी रेघांचा मध्यम रंग, तोही बिनचकाकीचा, रोजच्या वापरात मळकट दिसत नाही. फार खरखरीत पोत मात्र टाळावा, कारण त्यात तेल धरून राहते.

रंग दुकानात पक्का करू नये. तीन-चार नमुन्यांचे तुकडे घरी आणावेत. आपल्या ओट्याच्या दगडाशेजारी आणि फरशीशेजारी ते उभे करावेत. सकाळच्या उजेडात पाहावेत आणि रात्री ट्यूबलाईट लावूनही पाहावेत. पिवळ्या दिव्यात सुंदर दिसणारा बदामी रंग पांढऱ्या दिव्यात कधी कधी आजारी दिसतो. सगळे पत्रे एकाच वेळी, एकाच खेपेतले घ्यावेत, कारण दुसऱ्या खेपेत छटा किंचित बदलू शकते. उरलेला तुकडा फेकू नये. पुढे एखाद्या दरवाजाचा कोपरा उडाला, तर तोच कामी येतो.

निळा रंग तर आपल्या साऱ्यांच्या जिव्हाळ्याचा. घरातली मुले हट्टाने तोच मागतात आणि त्यात काही वावगे नाही. खालच्या कपाटांना बिनचकाकीचा मध्यम निळा आणि वर दुधी रंग, हे फार देखणे दिसते. गर्द चकचकीत निळा वरपर्यंत नेऊ नये, एवढेच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही ठेकेदार आणि दुकानदार वास्तुशास्त्राचा हवाला देतात. आग्नेयेला अमुक रंग हवा, काळा ओटा अशुभ, तमुक रंगाने घरात पैसा टिकत नाही, असे सांगून चांगला ओटा फोडायला लावतात. खर्च आपला वाढतो, नफा त्यांचा. ज्या घरांनी पंचांग आणि मुहूर्त केव्हाच सोडून दिले, त्या घरांनी कपाटाच्या रंगावाटे तेच मागल्या दाराने आत घ्यायचे काय? उजेड, पाणी, हवा आणि आपला खिसा, एवढ्याच चार दिशा पाहाव्यात.

आतले लाकूड आणि गॅस

रंग बाहेरचा असतो, कपाट टिकते ते आतल्या फळीवर. लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी स्वस्त पडते, पण तिच्यात पाणी शिरले की ती फुगते आणि बिजागरीचे स्क्रू निसटतात. निदान सिंकखालच्या आणि त्याच्या शेजारच्या कपाटाला तरी आय.एस. ७१० हा शिक्का असलेला मरीन प्लाय वापरावा. सांगाड्याला आणि दरवाजांना सहसा १८ मिलिमीटरची फळी लागते. कडांना पट्टी नीट बसली आहे का, हे हात फिरवून पाहावे, कारण पाणी तिथूनच आत शिरते. पैसे अपुरे असतील, तर ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचे दरवाजे हा आपला जुना उपायही वाईट नाही. त्याला वाळवी लागत नाही आणि तो पाण्याने फुगत नाही.

गॅसची बाब शोभेसाठी कधीही मागे टाकू नये. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल, तर दरवाजाला तळाशी जाळी किंवा भोके हवीतच. पाईपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर जातो. तेव्हा पाईप आणि मीटर कपाटात बंद करून टाकू नयेत आणि बंद करण्याच्या कळीपर्यंत हात सहज पोहोचला पाहिजे. नव्या उंच इमारतींत पुष्कळदा भिंतीच इमारतीचा भार घेतात. कपाट आत सरकवण्यासाठी भिंत फोडण्याचा विचारही करू नये.

हिशोब लिहून घ्या

एक दुकानदार भाव चौरस फुटाने सांगतो, दुसरा ओट्याच्या लांबीच्या फुटाने. आठ फूट लांब आणि अडीच फूट उंच खालचे कपाट म्हणजे वीस चौरस फूट. लांबीने मोजले, तर तेच आठ फूट. त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही, दोघांकडून पूर्ण कामाची रक्कम मागावी. प्लायची प्रत, सनमायक्याचा क्रमांक, बिजागऱ्या, ट्रॉल्यांची संख्या आणि काम पुरे करण्याची तारीख कागदावर असावी. पैसे कामाबरोबर टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता सगळे दरवाजे उघडून-मिटून पाहिल्यावर द्यावा.

सगळे एकदम करण्याचीही गरज नाही. या वर्षी ओटा आणि खालची कपाटे, पुढच्या वर्षी वरची, असे केले तर सावकाराचे तोंड पाहावे लागत नाही. मुलीची कॉलेजची फी आणि चकचकीत दरवाजे यांत निवड करायची वेळ आली, तर उत्तर आपल्या घरात कोणाला विचारावे लागू नये.

फ्रँकफुर्टच्या त्या स्वयंपाकघराचा एक दोष पुढे लोकांच्या ध्यानात आला. ते इतके अरुंद होते की त्यात दोन माणसे धड उभी राहू शकत नसत. बाईची पावले वाचली, पण काम तिच्या एकटीच्याच वाट्याला राहिले. आपण आखणी करताना दोघांना उभे राहता येईल एवढी वाट मोकळी ठेवावी. नवऱ्याने कणीक मळावी, मुलाने भांडी विसळावीत, याला कोणत्याही कपाटाची आडकाठी नसावी. ओट्याच्या टोकाला वीतभर रुंद उघडा कप्पा ठेवून त्यात मुलांची वह्या-पुस्तके लावता येतात. भाकऱ्या होईपर्यंत आईशेजारी बसून मुलांचा अभ्यास होतो.

आणि रंग? तो घरातल्या सर्वांनी मिळून बघावा, पण शेवटचा शब्द जिला रोज तो पुसायचा आहे तिचा असावा. दुकानात जाताना तिला बरोबर न्यावे, नमुना तिच्या हातात द्यावा आणि ती ‘हो’ म्हणेपर्यंत विसार देऊ नये.