बेटर की 'नाहीतर...'?

'गुड, बेटर, बेस्ट' शाळेत घोकून घोकून आपली एक समजूत पक्की झालीये, 'बेटर' म्हणजे जास्त चांगलं. बस्स! मग ऑफिसच्या मेलमध्ये तो 'हॅड'चा हात धरून येतो आणि पंचाईत होते.

आमच्या टीममधल्या एका मुलीनं लंडनच्या क्लाएंटला लिहिलं, 'यू हॅड बेटर सेंड द अप्रूव्हल बाय फ्रायडे.' तिला म्हणायचं होतं, पाठवलंत तर बरं होईल. उत्तर आलं ते थेट बॉसला. बिचारीला कळेचना, आपण धमकी दिली कधी? ते अकाउंट तिच्या हातून गेलं. तेही अप्रेझलच्या महिन्यात!

व्याकरणात वाक्य चोख आहे, म्हणून स्पेलचेकही गप्प. पण 'हॅड बेटर'मध्ये 'हॅड' असूनही भूतकाळ नाही आणि 'बेटर' असूनही तुलना नाही. आहे ते एक न लिहिलेलं 'नाहीतर'. 'शुड' हा नुसता सल्ला, 'हॅड बेटर' म्हणजे सल्ल्यात मिसळलेला इशारा. मित्राला 'यू'ड बेटर टेक ॲन अम्ब्रेला' खुशाल म्हणा, नाहीतर भिजेल तोच. क्लाएंटला नको. बोलताना 'हॅड' गळून नुसतं 'यू बेटर' उरतं, ते तर आणखी झोंबतं.

गंमत म्हणजे हा फरक मराठीत आपण रोज करतो. 'वेळेवर आलात तर बरं होईल' ही विनंती. 'वेळेवर आलेलं बरं!' म्हटलं की आईचे डोळेच दिसतात ना? तेच हे 'हॅड बेटर'. विनंतीसाठी 'इट वुड बी बेटर इफ...' चालतं, पण मी तिथेही 'ग्रेट' लिहिते. 'बेटर' म्हटलं की आत्ताचं कमी पडतंय असा वास येतोच.

आणि हो, सिक लीव्हवर असताना बॉसला 'आय ॲम बेटर नाऊ' असा मेसेज टाकताना जरा जपून. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होतात, 'आधीपेक्षा बरं' आणि 'ठणठणीत बरं'. तुम्ही पहिला लिहिता, बॉस दुसरा वाचतो आणि दहाच्या मीटिंगला तुमचं नाव लागतं. अंगात कणकण असेल तर सरळ 'अ बिट बेटर' लिहा.