वेदना विचारली पाहिजे

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. सोनपेठजवळच्या एका खेड्यातील चाळिशीच्या बाई चुलीवर भाकरी करताना पदर पेटल्याने भाजल्या होत्या. उजवा हात आणि छातीचा काही भाग. रुग्णालयातून घरी आल्यावर दिवसाआड मलमपट्टीसाठी त्या माझ्याकडे येत. पट्टी सोडताना त्या पदराचा बोळा दातांत धरीत आणि भिंतीकडे पाहत. तोंडातून शब्द नाही. मी प्रत्येक वेळी त्यांच्या कागदावर लिहीत असे : ‘रुग्ण शांत. विशेष तक्रार नाही.’

एके दिवशी सोबत आलेली त्यांची मुलगी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पट्टीच्या आदल्या रात्री आई झोपतच नाही. मला उठवून विचारते, उद्या नाही गेलं तर चालंल का?” मी बाईंचा हात सरळ करू पाहिला. तो कोपरात अर्ध्यावरच अडला. दुखते म्हणून त्यांनी तो कित्येक दिवस हलवलाच नव्हता आणि भरत येणारी त्वचा आखडून बसली होती. मी जखम पाहिली होती. वेदना विचारली नव्हती.

भाजलेल्या रुग्णाची वेदना एकच नसते. पहिली दिवसरात्र मंद ठसठसणारी, स्वस्थ पडून असतानाही जाणवणारी. दुसरी अधूनमधून अचानक उसळणारी. तिसरी मलमपट्टी, जखमेची स्वच्छता आणि व्यायाम यांच्या वेळची; ही सर्वांत तीव्र, आणि रुग्ण जिची धास्ती घेतो ती हीच. जखम भरू लागली की खाज सुटते. तीही झोप हिरावून घेते. प्रत्येकीचा उपाय वेगळा असल्याने ‘दुखते का?’ एवढे विचारून भागत नाही. केव्हा दुखते, काय केल्याने वाढते, हेही विचारावे लागते.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. वरवरचे भाजणे आणि फोड अतिशय दुखतात, कारण तेथील मज्जातंतूंची टोके जिवंत व उघडी असतात. त्वचा संपूर्ण जळाली तर ती टोकेही जळून जातात. तो भाग पांढुरका वा काळपट, चामड्यासारखा होतो आणि सुरुवातीस तेथे संवेदना नसते. ‘दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे’ हा समज म्हणूनच घातक ठरतो.

वेदना मोजावी कशी? रुग्णालयात शून्य ते दहा ही मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतील सर्वांत असह्य. आकडा चारच्या वर गेला की औषधाचा फेरविचार करावा, असा साधारण संकेत आहे. आमच्या भागातील वृद्धांना ही पट्टी परकी वाटते. त्यांना मी विचारतो, “आजी, सोळा आणे दुखणं म्हणजे जीव जाईल असं. आज किती आणे?” उत्तर तत्काळ येते : “काल बारा आणे होतं, आज आठ.” शाळेत जाणाऱ्या मुलाला हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंतची चित्रे दाखवून बोट ठेवायला सांगतात. बोलता न येणाऱ्या बालकाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे अशा पाच गोष्टी पाहून प्रत्येकीस शून्य ते दोन गुण देतात. हा आकडा स्वस्थ असताना, हालचाल करताना आणि पट्टीच्या वेळी असा तीनदा घ्यावा, आणि लिहून ठेवावा. लिहिलेली वेदना दुर्लक्षिली जाण्याचा संभव कमी असतो.

उपचारांचे सूत्र असे की, सततच्या वेदनेवर औषध ठरलेल्या वेळी द्यावे. रुग्ण कळवळण्याची वाट पाहू नये. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉल पुरते. तीव्र वेदनेस मॉर्फिन वा फेंटानिल लागते. मोठ्या जळितात पहिल्या दिवसांत ही औषधे शिरेतून देतात, कारण स्नायूत दिलेले इंजेक्शन अशा शरीरात नीट शोषले जात नाही. मोठ्या मलमपट्टीसाठी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केटामिनही वापरतात. घरातील इतर वेदनाशामक गोळ्या मात्र आपल्या मनाने देऊ नयेत. भाजलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांवर आणि जठरावर त्यांचा ताण पडतो.

मॉर्फिनचे नाव काढताच नातेवाईक दचकतात : “सवय तर लागणार नाही ना?” तीव्र वेदनेसाठी, देखरेखीखाली, मोजून दिलेल्या मॉर्फिनने व्यसन जडण्याचा धोका फार कमी असतो, जखम भरत जाते तशी मात्रा उतरवत नेतात. मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी हे त्रास होऊ शकतात आणि श्वासावर लक्ष ठेवावे लागते. म्हणूनच ते रुग्णालयात देतात. अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या कायद्यातील किचकट परवान्यांमुळे ते अनेक ठिकाणी ठेवलेच जात नसे. २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी ही वाट सोपी केली.

वेदना मोजण्याचा आणि कमी करण्याचा एक सुंदर प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी जखमेवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. त्याचे निष्कर्ष २००३मध्ये प्रसिद्ध झाले. जाळीचे कापड जखमेला चिकटते आणि सोडताना नवी त्वचा ओरबाडते. केळीचे गुळगुळीत पान चिकटत नाही, त्यामुळे ते काढताना वेदना कमी होते. नांदेड-हिंगोलीकडच्या केळीच्या बागा ठाऊक असलेल्या वाचकांना हे वाचून आनंद होईल. पण तेथील पाने वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली होती. बागेतले पान तोडून जखमेवर ठेवणे म्हणजे जंतुसंसर्गास आमंत्रण. याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान केलेल्या त्वचेने जखम झाकली की उघड्या मज्जातंतूंना आच्छादन मिळते आणि वेदना ओसरते.

औषधापलीकडेही बरेच काही आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पट्टीच्या वेळी रुग्णास संगणकाने निर्मिलेल्या बर्फाळ दरीत रमवण्याचे प्रयोग झाले आणि वेदना घटल्याचे दिसले. आपल्याकडे आजीची गोष्ट किंवा मोबाइलवरचे आवडते गाणे काही अंशी तेच काम करू शकते.

घरच्यांनी काय करावे? भाजल्याबरोबर तो भाग वाहत्या, साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. जखमेबरोबर वेदनाही शमते. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. भाजलेले अंग मोठे असेल, किंवा चेहरा, हात, गुप्तांग भाजले असेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात पट्टीची वेळ विचारून घ्यावी आणि ‘आधी दुखण्याचे औषध मिळेल ना?’ असे नम्रपणे विचारावे. पोटातून घ्यायची गोळी साधारण अर्धा ते एक तास आधी द्यावी लागते. चिकटलेली पट्टी भिजवून सोडण्याची विनंती करावी. ‘मी हात वर केला की थांबा’ अशी खूण आधी ठरवावी. क्षणभर थांबता येते, एवढ्या खात्रीनेही भीती कमी होते. लहान मुलाजवळ शक्य तेथे आईला बसू द्यावे. आणि “बाईमाणसानं सोसलं पाहिजे” हे वाक्य रुग्णाच्या खाटेजवळ उच्चारू नये. सोसणारा रुग्ण जेवत नाही, झोपत नाही, सांधे हलवत नाही. त्याचे शरीर सावरायला उशीर होतो.

त्या बाईंच्या कोपरावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. हात बराचसा सरळ झाला, संपूर्ण नाही. आजही त्या दवाखान्यात येतात तेव्हा माझी नजर आधी त्या कोपराकडे जाते. तेव्हापासून माझ्याकडील प्रत्येक जळीत रुग्णाच्या कागदावर नाडी, रक्तदाब आणि ताप यांच्या खाली चौथी ओळ असते : आज किती आणे?