अंतःखंडीय विरूपण

भूपट्टांच्या सीमेवर होणाऱ्या गिरिजननाचा (पर्वतनिर्मितीचा) दाब खंडाच्या अंतर्भागात दूरवर पोहोचून तेथील खडकांना घड्या पडणे, ते विभंगांवर सरकणे, तसेच जमीन उचलली जाणे वा खचणे या क्रियांना अंतःखंडीय विरूपण म्हणतात.

महासागरी शिलावरण जड असल्याने ते प्रावरणात शिरू शकते. खंडीय कवच जाड व हलके असल्याने ते सहजासहजी खाली जात नाही. त्यामुळे दोन खंडांची टक्कर झाली असता सर्व आकुंचन सीमेवर सामावत नाही. शिलावरणाच्या ताठ भागातून प्रतिबल शेकडो किमी. दूर जाते. मात्र विरूपण सर्वत्र सारखे नसते. जुने विभंग, झिजलेल्या पर्वतांची मुळे व खचदऱ्या यांसारख्या दुर्बल पट्ट्यांतच ते मुख्यत्वे एकवटते.

भारत व यूरेशिया यांची सु. ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली टक्कर हे याचे ठळक उदाहरण होय. पीटर मोल्नार व पॉल तापोनिये यांनी १९७५ मध्ये आशियाच्या अंतर्भागातील विरूपणाचा संबंध या टकरीशी जोडून दाखविला. भारत उत्तरेकडे दरवर्षी सु. ४ सेंमी. सरकतो. त्यापैकी सु. निम्मे आकुंचन हिमालयात होते व उरलेले तिबेट, तिएनशान इ. प्रदेशांत विभागले जाते. तारीम द्रोणीचे ताठ शिलावरण स्वतः फारसे विरूप न होता दाब उत्तरेकडे पोहोचविते. परिणामी पुराजीव महाकल्पात निर्माण होऊन नंतर झिजलेला तिएनशान पुन्हा उंचावला असून त्याचे सर्वोच्च शिखर ७,४३९ मी. आहे. मध्य ऑस्ट्रेलियातही सु. ४५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी भूपट्टसीमेपासून दूर असे गिरिजनन झाले होते.

टकरीच्या अलीकडील भारतीय द्वीपकल्पही या दाबापासून मुक्त नाही. उत्तरेस हिमालयाचा अडथळा व दक्षिणेस महासागरी कटकांचा रेटा यांमुळे ते साधारणतः उत्तर-दक्षिण दिशेने दाबले जात आहे. नर्मदा-शोण पट्ट्यातील जबलपूरचा भूकंप (२२ मे १९९७) खोल जुन्या विभंगाच्या हालचालीमुळे झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. तेथेच ३० सप्टेंबर १९९३ रोजी ६·२ महत्तेच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. केंद्र उथळ असल्याने व दगडमातीची जड घरे कोसळल्याने हानी वाढली.

खंडांतर्भागात विकृती अतिशय मंद गतीने साठते. तसेच दक्षिणेत जुने विभंग बेसाल्टाच्या थरांखाली झाकलेले असू शकतात. म्हणून एखाद्या भागात ज्ञात इतिहासकाळात मोठा भूकंप झालेला नाही, एवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही.