वारा ओळखणारं चुलाण

शिबिराला पोहोचल्यावर तंबू कुठला मिळाला, हे विचारण्याआधी सगळे काय विचारतात? भटारखाना कुठाय! राजवाड्यातल्या स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणत. रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, उघड्या आभाळाखाली शे-दीडशे मुलांचा भात शिजतो, तो आपला साधा भटारखाना. ना भिंती, ना छप्पर. असतं फक्त चुलाण, म्हणजे लांबलचक चूल.

मऊ जमिनीत त्यासाठी चर खणतात. सड्यावर पहार मारून बघा, हाताला झिणझिण्या येतील! खाली सगळा जांभाच. मग जांभ्याचेच चिरे दोन ओळींत मांडायचे, वर टोप चढवायचे आणि मधल्या बोळात लाकडं सारायची. चिरा जवळून पाहिलात? नुसता भोकाभोकांचा. भोकांत हवा अडकलेली असते आणि तिच्यातून उष्णता सहजासहजी पलीकडे जात नाही. त्यामुळे बरीचशी धग टोपालाच मिळते. मलबारात लोक या दगडाच्या विटा पाडतात हे पाहून फ्रान्सिस बुकाननने 1807 मध्ये त्याला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट.

आता खरी गंमत. हा बोळ कुठल्या दिशेने ठेवायचा? हिवाळ्यातलं शिबिर असेल, तर पूर्व-पश्चिम! दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा धावत येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, मग सगळं उलट: जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात, ते सकाळपर्यंत. बोळ दोन्ही टोकांना उघडा, म्हणून वारा इकडून आला काय नि तिकडून आला काय, जाळाला हवा मिळतेच. सकाळच्या चहाचा धूर समुद्राकडे, संध्याकाळच्या भज्यांचा गावाकडे. पंगत मात्र चुलाणाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला बसवायची, नाहीतर आमटीआधी डोळ्यांतलं पाणी!

वारा दिशा बदलताना मधे थोडा वेळ पडतो. आणि कधी? बहुतेकदा नेमका दुपारचा भात चुलीवर असताना. ऑक्सिजन कमी पडला, की लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि धूर कोंडतो. तेव्हा नारळाची सोडणं, करवंट्या आत सारायच्या, फुंकणी उचलायची आणि गाल फुगवायचे.