फोनचा कान मंद होतो तेव्हां

कोथरूडमधील एखाद्या घरीं रविवारीं रात्रीं परदेशीं असलेल्या मुलीचा फोन येतो. आई बोलूं लागते. दोन-तीन वाक्यें होतात न होतात तोंच पलीकडून शब्द येतात, ‘आई, जरा मोठ्यानें बोल ना, कांहींच ऐकूं येत नाहीं.’ आई आवाज चढविते. थोड्या वेळानें घसा बसतो आणि संभाषण लौकर आटोपतें. पुढच्या रविवारीं तें आणखी लौकर आटोपतें. मुलीला वाटतें, आईचा आवाज खोल गेला, प्रकृति बरी दिसत नाहीं. आईला वाटतें, मुलीला आतां आपलें बोलणें ऐकावयास सवड राहिली नाहीं. वस्तुतः दोघींचेंही अनुमान चुकलेलें असतें. फोनच्या खालच्या कडेला एक बारीकसें छिद्र असतें. त्यांत कापसाचे तंतु आणि धूळ बसलेली असते, एवढेंच.

या दोषाचा एक चमत्कारिक विशेष असा कीं, ज्याच्या फोनमध्यें तो असतो त्याला तो कळत नाहीं. कर्ण्यांतून येणारा आवाज मंद झाला तर धन्याला तें तत्काळ समजतें. परंतु आपला आवाज दुसऱ्यापर्यंत कसा पोंचतो हें त्याला दुसऱ्यानें सांगितल्यावांचून समजण्यास मार्ग नाहीं. दुसराही बहुधा भिडेस्तव सांगत नाहीं, किंवा सांगून कंटाळतो. घरांत वृद्ध माणूस असेल तर सगळा दोष त्याच्या वयावर टाकून सारे मोकळे होतात. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धाला रात्रींबेरात्रीं ११२ या तातडीच्या क्रमांकावर आपला पत्ता सांगण्याचा प्रसंग आला, तर हेंच छिद्र किती महत्त्वाचें आहे तें ध्यानांत येईल. म्हणून या यंत्राची रचना थोडी समजून घेणें हें प्रत्येक कुटुंबाच्या हिताचें आहे.

ज्या भागांत आवाज शिरतो त्याला मायक्रोफोन म्हणतात. तो फोनचा कान होय. १८७८ सालीं डेव्हिड ह्यूज यानें सैल टेकलेल्या कोळशाच्या कांड्या ध्वनीनें हालल्या म्हणजे त्यांतून जाणारा विजेचा प्रवाह बदलतो हें दाखविलें, आणि याच तत्त्वावर कोळशाच्या कणांनीं भरलेले मायक्रोफोन पुढें टेलिफोनांत बसूं लागले. जुन्या काळ्या टेलिफोनांत हे कण कालांतरानें एकमेकांस घट्ट चिकटत व आवाज मंद होई. अशा वेळीं रिसीव्हर हातावर आपटला कीं कण पुन्हां सैल होत आणि बोलणें स्पष्ट जाऊं लागे. वडील पिढीतील माणसें आजही फोन तळहातावर आपटतात त्याचें मूळ येथें आहे. तो उपाय त्या काळीं अगदीं शास्त्रशुद्ध होता. आजच्या फोनला मात्र त्यापासून अपायच होण्याचा संभव अधिक.

कारण आजच्या स्मार्टफोनमध्यें कोळसा नाहीं. १९६२ सालीं बेल प्रयोगशाळेंत गेर्हार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनीं कायमचा विद्युत्‌भार धारण करणाऱ्या पातळ पटलाचा मायक्रोफोन तयार केला. मायक्रोफोन स्वस्त आणि लहान झाला तो यामुळें. हल्लींच्या फोनांत त्याहूनही सूक्ष्म रचना असते. सिलिकनच्या तुकड्यावर अत्यंत पातळ पडदा कोरलेला असतो आणि त्याच्यासमोर अगदीं जवळ दुसरी सच्छिद्र पट्टी असते. ध्वनीच्या लहरींनीं पडदा कांपला कीं दोहोंमधील अंतर बदलतें, त्याबरोबर विद्युत्‌भार सांठविण्याची शक्ति बदलते, आणि त्या बदलाचा विजेचा संदेश होतो. हा सारा संसार तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसलेल्या डबींत सामावलेला असतो. तेथवर आवाज जाण्यास वाट एकच, आणि ती म्हणजे तें बारीक छिद्र.

बहुतेक फोनांत असे मायक्रोफोन एकाहून अधिक असतात. खालच्या कडेचा बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ येतो. वरच्या कडेचा अगर कॅमेऱ्याजवळचा सभोंवारचा गोंगाट ऐकतो. फोन या दोहोंची तुलना करून गोंगाट वजा करतो व बोलणें पुढें पाठवितो. लक्ष्मी रस्त्यावर उभें राहूनही बोलतां येतें तें या युक्तीमुळें. परंतु फोन उलटा धरला, करंगळीनें खालचें छिद्र झांकलें, किंवा संरक्षक कव्हराचें भोंक छिद्रासमोर आलें नाहीं, तर फोनचा गोंधळ होतो. बोलणाऱ्याचा आवाजच त्याला गोंगाट वाटतो आणि तो इमानें-इतबारें तो दाबून टाकतो.

येथें कोणी विचारील, आवाज मंद आहे तर यंत्रानें तो वाढवावा, त्यांत अवघड तें काय? याचें उत्तर पुण्याच्या उत्तरेस नारायणगांवाजवळ खोडद येथें पाहावयास मिळतें. तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. पुणें विद्यापीठाच्या आवारांतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवितें. आकाशांतून येणारे संदेश इतके क्षीण असतात कीं, ते वाढविल्यावांचून उपाय नसतो. परंतु वाढविणारें साधन संदेशाबरोबर गडबडही तितकीच वाढवितें. म्हणून तेथें संदेश अँटेनापाशींच अत्यंत शांत अशा वर्धकांतून नेतात, आणि परिसरांतील कृत्रिम रेडिओ-लहरींचा उपद्रव टाळण्यासाठीं कसोशीनें जपतात. फोनलाही हाच न्याय लागू आहे. बुजलेल्या छिद्रांतून पाझरणारा अर्धामुर्धा आवाज मागाहून दसपट केला, तर पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे भोंगेही दसपट होतात. वाट मोकळी करणें हाच खरा उपाय. मागाहून वाढविणें ही नुसती मलमपट्टी होय.

अंतराचाही हिशेब ध्यानीं घेण्याजोगा आहे. मोकळ्या जागीं तोंडापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीचा दाब निम्मा होतो, म्हणजे आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. ५ सेंटिमीटरवरचा फोन ४० सेंटिमीटरवर नेला तर अंतर तीनदां दुप्पट झालें. आवाज १८ डेसिबलनें खालीं आला आणि खोलींतील गडबड मात्र होती तेवढीच राहिली. पुणें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. तेथें किंवा कोणत्याही केंद्रावर भाषणास बसणाऱ्याला प्रथम धडा मिळतो तो हाच, कीं मायक्रोफोनपासूनचें अंतर बदलूं नये आणि ओरडूं नये. घरच्या फोनलाही तोच धडा पुरतो.

आतां परीक्षेचा क्रम पाहूं जातां, पहिली गोष्ट ही कीं दोष कोणाकडे आहे तें ठरवावें. निरनिराळ्या तीन व्यक्तींना फोन करून विचारावें. एकालाच ऐकूं येत नसेल तर त्याचाच फोन तपासणें योग्य. तिघांचीही तक्रार असेल तर पुढें जावें. कानांतलें यंत्र काढून ठेवावें, ब्लूटूथ बंद करावें, शांत खोलींत फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि फोनमधील ध्वनिमुद्रकावर एकपासून वीसपर्यंत आंकडे नेहमींच्या आवाजांत म्हणावे. हें मुद्रण दुसऱ्या चांगल्या फोनवर पाठवून तेथें ऐकावें. नाहीं तर आपल्याच फोनचा कर्णा मंद असावयाचा आणि दोष मायक्रोफोनला लागावयाचा. नंतर कॅमेऱ्यानें थोडें चलच्चित्र घेऊन त्यांतला आवाज ऐकावा, कारण त्या वेळीं बहुधा वरच्या बाजूचा मायक्रोफोनही कामास लागतो.

यांतून निदान आपोआप होतें. ध्वनिमुद्रण मंद, पण चलच्चित्रांतील आवाज स्वच्छ असेल, तर खालच्या छिद्राचा संशय घ्यावा. दोन्ही स्वच्छ असून फोनवरच आवाज मंद जात असेल, तर कंपनीच्या लहरींचें क्षेत्र क्षीण असणें किंवा गोंगाट वजा करणारी योजना फसणें ही कारणें संभवतात. जागा बदलून, खिडकीशीं येऊन पाहावें. दोन्ही मंद असतील तर आंतील व्यवस्थेंत बिघाड समजावा. आणि एकाच ॲपमध्यें आवाज मुळींच जात नसेल, तर तो मंदपणा नव्हेच; त्या ॲपला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिलेली नाहीं, असें समजावें.

छिद्राची सफाई हा सर्वांत सोपा आणि सर्वांत अधिक वेळां गुणकारी ठरणारा उपाय आहे. सदऱ्याच्या खिशांतील तंतु, पर्शींतील चुरा, उन्हाळ्यांतली धूळ, हीं सारीं तेथें सांचतात. प्रथम फोन बंद करावा, कव्हर काढावें. दिव्याच्या उजेडांत छिद्र पाहावें. भिंग असल्यास उत्तम. नंतर कोरड्या, मऊ, नव्या दांत घासावयाच्या ब्रशानें, छिद्र खालच्या अंगास राहील असा फोन धरून, हलक्या हातानें झाडावें, म्हणजे मळ आंत न जातां बाहेर पडतो. सुई, टांचणी, दांतकोरणें यांचा उपयोग कदापि करूं नये. विशेषतः सिमकार्डाचा खण उघडण्याचें भोंक आणि मायक्रोफोनचें छिद्र हीं कित्येक फोनांत सारखींच दिसतात. खणाची टांचणी चुकून मायक्रोफोनमध्यें खुपसली गेली कीं पडदा फाटून साध्या मळाचें कायमचें दुखणें होतें. तोंडानें फुंकर मारणें, दाबाची हवा सोडणें, स्पिरिट ओतणें हेही वर्ज्य समजावें. फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा जातो, आणि दाबाच्या हवेनें नाजूक पडदा तुटूं शकतो.

पुण्याच्या पावसाळ्याचा प्रश्न थोडा निराळा. दुचाकीवरून जातांना खिशांतला फोन भिजतो आणि छिद्रावर पाण्याचा थेंब बसतो. आवाज एकाएकीं घोगरा आणि दूरचा होतो. अशा वेळीं फोन पुसून, छिद्र खालीं करून, वाऱ्याच्या जागीं उभा ठेवावा व वाळेपर्यंत विजेला जोडूं नये. तांदळाच्या डब्यांत फोन पुरण्याची चाल घरोघरीं आहे. तिनें तांदळाची भुकटीच छिद्रांत जाते. केस वाळविण्याच्या यंत्राची उष्णताही देऊं नये.

सफाईनंतरही गुण न आल्यास फोनच्या आंतील योजनांकडे वळावें. प्रथम फोन बंद करून पुन्हां सुरू करावा. मग सेटिंग्जमध्यें जाऊन ॲपच्या परवानग्या तपासाव्या. २०२१ सालीं निघालेल्या अँड्रॉइड १२ पासून गोपनीयतेच्या भागांत सर्व ॲपांसाठीं मायक्रोफोन एकदम बंद करणारी एक कळ आलेली आहे. मुलांच्या हातून ती नकळत दाबली जाते आणि घरांत कोणालाच उमगत नाहीं. ब्लूटूथचाही असाच खेळ. दुसऱ्या खोलींत टेबलावर पडलेलें कानांतलें यंत्र फोनशीं जोडलेलें राहतें आणि बोलणाऱ्याचा आवाज तेथून उचलला जातो. ज्या फोनांत कानाच्या तारेचें गोल भोंक असतें, त्यांत मळ सांचल्यास फोनला तार जोडलेलीच आहे असा भास होतो. शेवटीं सेफ मोडमध्यें फोन चालवून पाहावा. त्या अवस्थेंत मागाहून घेतलेलीं ॲपें निजून राहतात. आवाज सुधारला तर त्यांपैकींच एखादें अपराधी आहे असें ठरतें, आणि अलीकडे घेतलेलें ॲप आधीं काढावें.

मायक्रोफोनचा आवाज वाढवून देऊं, असें सांगणारीं ॲपें पुष्कळ मिळतात. तीं फार तर आपण स्वतः केलेलें मुद्रण मोठें करतील. चालूं असलेल्या फोनवरील संभाषणांत ढवळाढवळ करण्याची मुभा अँड्रॉइड सामान्य ॲपास देत नाहीं. मग तीं काय करतात? मायक्रोफोन ऐकण्याची परवानगी मात्र मागतात. घरांतलें बोलणें अनोळखी माणसाच्या स्वाधीन करण्याइतका हा लाभ मोठा नव्हे. कोणी सांगितलेले गुप्त आंकडे दाबून कारखान्यासाठीं ठेवलेल्या योजनांत फेरफार करणें हेंही तसेंच. तेथें चुकलें तर परतीची वाट सांपडत नाहीं.

इतकेंही करून भागलें नाहीं, तर दुरुस्ती. हमीची मुदत उरली असेल तर कंपनीच्या सेवाकेंद्रांतच जावें. एरवीं बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत आणि प्रत्येक उपनगरांत दुरुस्तीचीं दुकानें आहेत. पुष्कळ फोनांत खालचा मायक्रोफोन चार्जिंगच्या लहान पट्टीवरच असतो. अशी पट्टी बदलली कीं काम होतें, आणि मुख्य पट्टीवरील कामापेक्षां तें सोपें असतें. म्हणून नेमका कोणता भाग बदलणार तें आधीं विचारावें, फोटो व पत्ते दुसरीकडे उतरवून ठेवावे, उघडण्याचा सांकेतिक आंकडा लिहून देऊं नये, आणि दुकानांतून निघण्यापूर्वीं तेथल्या तेथें एक फोन करून पाहावा.

तात्पर्य, कोणी ‘ऐकूं येत नाहीं’ असें म्हटलें तर आवाज चढविण्यापूर्वीं छिद्र पाहावें. घरांतल्या तरुणांनीं महिन्यांतून एकदां वडील माणसांच्या फोनवर दुसऱ्या खोलींतून बोलून पाहावें. या परीक्षेस दोन मिनिटें पुरतात. कोथरूडच्या त्या आईचें छिद्र शेजारच्या मुलानें ब्रशानें झाडून दिलें, तर पुढच्या रविवारीं तिला ओरडावें लागणार नाहीं. ती नेहमींच्या आवाजांत बोलेल, आणि आई खंगली नव्हती, हें मुलीला पहिल्या वाक्यांतच कळेल.