भाग आणि सहभाग : ग्राहक भांडारांविषयीचे गैरसमज

ग्राहक सहकारी भांडार, म्हणजे ज्याचे गिऱ्हाईक हेच त्याचे मालक असे दुकान, याविषयी सर्वांत रूढ गैरसमज असा की एकदा भाग (शेअर) घेतला की सभासदाचे काम संपते आणि स्वस्त मालावरचा त्याचा हक्क सुरू होतो. या पद्धतीचा पाया इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात ज्यांनी घातला, त्यांची धारणा अगदी वेगळी होती. तेथील 28 जणांनी, ज्यांत बरेच विणकर होते, आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकत प्रत्येकी एक पौंडाचा भाग उभा केला आणि 21 डिसेंबर 1844 रोजी टोड लेनमध्ये दुकान उघडले. लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच त्यांचा माल होता.

हा माल ते बाजारभावानेच आणि रोखीने विकत. खर्च आणि भागांवरील मर्यादित व्याज वजा जाता जो वाढावा, म्हणजे शिल्लक नफा, उरे, तो सभासदांना भागांच्या नव्हे तर खरेदीच्या प्रमाणात परत मिळे. समजा, रुपयामागे 3 पैसे परतावा ठरला, तर वर्षाला 40,000 रुपयांचे वाणसामान भरणाऱ्या घराला 1,200 रुपये मिळतील आणि तेवढेच भाग असूनही 2,000 रुपयांचीच खरेदी करणाऱ्या घराला अवघे 60 रुपये.

ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक, हा समज कंपनीच्या व्यवहारातून आलेला आहे. रॉचडेलमध्ये आणि महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमातही एका सभासदाला एकच मत आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेतील हजेरी हाच खरा सहभाग, हा समज अधिक घातक ठरतो. सभा आवश्यक आहेच; परंतु दिवाळीच्या रवा-साखरेपुरते भांडारात येऊन उरलेले अकरा महिने उधारीच्या सोयीसाठी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणारे सभासद असले, की किती डाळ मागवावी हे भांडाराला ठरवता येत नाही, माल पडून राहतो किंवा ऐन वेळी संपतो, आणि त्याचा दोष मात्र व्यवस्थापनाच्या माथी येतो.

1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने, जी काटेकोर अर्थाने सहकारी भांडार नसून स्वयंसेवी संस्था आहे, या अडचणीवर फार मोलाचा तोडगा काढला : दुकानच थाटायचे नाही. शेजारपाजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात आणि घाऊक खरेदी त्या मागणीनुसार होते. तूरडाळीपुढे कोणी 2 किलो लिहिले, तर ते 2 किलो त्या घरासाठीच घेतलेले असतात. माल एका सभासदाच्या घरी उतरतो आणि यादीशी ताडून त्याची वाटणी सभासदच करतात.