गोधडीची किनार : आधी धुवा, मगच शिवा

आजचा छोटा भाग गोधडीच्या किनारीवर. मुरबाडला आजीच्या लुगड्यांच्या गोधडीला मी कोरं लाल सुती कापड न धुताच लावलं. म्हणजे टेस्टिंग न करता थेट लाईव्ह! पहिल्याच धुण्यात किनार आटली. लुगडी आधीच आटलेली, त्यामुळे गोधडी मध्ये फुगली, वर लाल रंग उतरला.

तर ऐका. गोधडी ओढतो आपण कडेला धरून, म्हणून आधी कडच विरते. किनारीला दणकट सुती कापड घ्या. ते दोनदा धुवा, ओलं असताना पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग तपासा. चार इंची पट्टी कडेवर दोन्ही बाजूंनी दुमडा, कोपरे तिरके मोडा, बारीक धावदोरा घाला.

किनार उसवून बदलता येते. आजीचं लुगडं नाही. भेटू पुढच्या भागात!